बैठकांची संख्या की पाठीवरचे वजन?

मी बर्लिनला राहतो. वडोदऱ्याहून फोन आला की मित्रमंडळी हमखास विचारतात, तिथल्या जिममध्ये आपल्यापेक्षा वेगळे काय असते? यंत्रे चकचकीत आहेत, हे खरे. पण मला मोलाची वाटते ती तिथल्या अनेकांच्या हातातली साधी वही. ‘बार घेऊन बैठका, ४० किलो : ८, ८, ७’ अशी त्या दिवसाची नोंद तिच्यात असते आणि पुढच्या वेळी त्या सातच्या जागी आठ कसे येतील, एवढेच पाहायचे असते.

ताकद वाढवण्याचे शास्त्र याच नोंदीत आहे. स्नायूला सवयीपेक्षा थोडा अधिक भार मिळाला, तरच तो बळकट होतो. म्हणून ज्या वजनाने सलग जेमतेम आठ आवर्तने होतात, ते घेऊन तीन सेट, म्हणजे तीन फेऱ्या, कराव्यात, मध्ये दोन-तीन मिनिटे विसावा घ्यावा, आणि प्रत्येक सेटमध्ये बारा आवर्तने नीट जमू लागली की बारच्या दोन्ही टोकांना सव्वा किलोची एकेक चकती चढवून पुन्हा आठापासून आरंभ करावा. सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना अधिक चांगल्या रीतीने कामाला लावू लागते म्हणून. दंड भरलेले दिसायला त्याहून बराच अधिक काळ लागतो, त्यामुळे आरशाकडे पाहून निराश होण्याचे कारण नाही. त्याच स्नायूंना पुन्हा ताण देण्यापूर्वी साधारण ४८ तास विश्रांती मिळाली, तर उत्तम.

१८११ साली जर्मन व्यायामशिक्षक फ्रीडरिश लुडविग यान यांनी बर्लिनच्या हाझेनहाइडे येथे खुली व्यायामभूमी सुरू केली आणि डबलबारचा प्रसार त्यांच्याच चळवळीतून झाला. परंतु क्रमाने भार वाढवण्याची रीत शिकायला आपल्याला इतक्या लांब यायला नको. १८८० साली स्थापन झालेले जुम्मादादा व्यायाम मंदिर ज्या वडोदऱ्यात आहे, तिथल्या माणसाला हलक्या मुद्गलाच्या जोडीवरून जड जोडीकडे जाणे म्हणजे काय, हे सांगावे लागू नये. आपण मात्र जोर-बैठकांची संख्याच तेवढी लक्षात ठेवली. शंभरच्या दोनशे बैठका केल्याने दम वाढतो. ताकद हवी असेल, तर पाठीवर पुस्तकांची पिशवी घेऊन दहा-बाराच, पण सावकाश माराव्यात, असे माझे ठाम मत आहे.

आहाराकडे आपले दुर्लक्ष याहूनही अधिक आहे. भारतीय आहारतज्ज्ञांच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. नियमित वजन उचलणाऱ्याला १.६ ग्रॅमपर्यंतचा लाभ होतो, असे संशोधन सांगते. तो हिशेब ९६ ग्रॅमवर जातो. आपल्या पातळ आंबटगोड वरणाच्या वाटीत जेमतेम पाच-सहा ग्रॅम असतात, अंड्यात सहा, तर शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण अठरा. इथे मी न्याहारीला क्वार्क खातो. ते बिनसाखरेच्या, साय काढलेल्या दुधाच्या चक्क्यासारखे असते आणि त्याच्या पाव किलोत सुमारे ३० ग्रॅम प्रथिने मिळतात. तुमच्याकडे घरचे दही फडक्यात टांगले की काम झाले, फक्त त्याचे श्रीखंड करू नये. सेव-उसळीतली उसळ वाढवून शेव कमी केली, तरी पुष्कळ फरक पडेल.

हे सारे केवळ तरुणांसाठी आहे, असे कृपया समजू नका. वय वाढते तसे स्नायू झिजतात, आणि जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांसह सर्व प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचवते. तुमच्या आई-बाबांना खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठण्या-बसण्यापासून सुरुवात करू द्या; ते सोपे वाटू लागले की हातात पाण्याची एक बाटली द्या. रक्तदाब असेल, तर उठताना श्वास रोखू नये, आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.