नकाशातलं उघडं दार

उन्हाळी शिबिराच्या न्हाणीघरात पंखे नकोत, हा माझाच हट्ट होता. ओल, वीज आणि धावती ओली मुलं एकत्र आणण्यापेक्षा हवेलाच कामाला लावू, असं मी ठासून सांगितलं होतं. लांब भिंती उत्तरेला आणि दक्षिणेला ठेवल्या, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन अरुंद बाजूंवरच पडेल. छप्पर पांढरं, त्याखाली दुसरं छत, मधून हवा खेळती. बाहेरच्या भिंतींच्या पायथ्याशी पट्ट्यांच्या झडपा आणि वर आढ्याला सलग फट. गरम हवा वरून जाईल, सावलीतली खालून येईल. बाष्प तर कोरड्या हवेपेक्षा हलकंच (पाण्याचा रेणुभार १८, हवेचा सरासरी २९), तेव्हा तेही वरच जाणार.

मुलं येण्याच्या आदल्या दिवशी झडपेपाशी उदबत्ती धरली. धूर आत शिरला आणि थेट आढ्याकडे गेला. मी लगेच व्हिडिओ काढून चार जणांना पाठवलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं मैदानावरून अंघोळीला आली आणि शिबिरप्रमुख बाईंनी मला हाक मारली. "अहो, आत भट्टी झालीये!"

भट्टीच होती. भिंतींना घाम सुटलेला, आरशात काही दिसत नव्हतं. एक मुलगी केस पुसत म्हणाली, "अंघोळ करून बाहेर येईपर्यंत परत घामाघूम." आधी मला डासांच्या जाळीचा संशय आला, कारण बारीक जाळी बरीच हवा अडवते. पण जाळी स्वच्छ होती. वरची फटही मोकळी.

पुन्हा उदबत्ती लावली. धूर बोळातून दारांवरून चढला आणि आढ्यातून निघून गेला. मोऱ्यांमध्ये तो वळलाच नाही. तेव्हा कुठे माझं लक्ष दारांकडे गेलं. बाराही बंद, आणि सगळी जमिनीपर्यंत टेकलेली. आदल्या दिवशी ती सताड उघडी होती. नकाशात आम्ही दार नेहमी उघडंच काढतो, पाव वर्तुळाची कमान ओढून. अंघोळ मात्र कोणी दार उघडं ठेवून करत नाही. प्रत्येक मोरी म्हणजे फक्त वरून उघडी पेटी झाली होती. वाफ जाणार त्याच तोंडातून बाहेरची हवा खाली उतरायची, म्हणजे दोघींची नुसती रेटारेटी.

सुतार म्हणाला, "मॅडम, वरची फट वाढवू?" त्याने भागलं नसतं. अशा मार्गात सर्वांत अरुंद जागा म्हणेल तेवढीच हवा वाहते. छप्पर चौपट उंच केलं तरी वेग जेमतेम दुप्पट होतो. कापायला हवं होतं ते दार, खालून.

बाई अडून बसल्या. "पाय दिसतील. मुलं वाकून बघतात, तुम्हाला माहीत नाही." त्यांचं खरं होतं, आणि तेही माझ्या नकाशात कुठेच नव्हतं. तोडगा सुतारानेच काढला: उलट्या व्हीसारख्या आडव्या पट्ट्या. त्यातून हवा जाते, नजर जात नाही. पट्ट्या थोडी हवा खाणार म्हणून तीस सेंटिमीटरऐवजी पंचेचाळीस घेतले.

अंधार पडेपर्यंत तीन दारं झाली. त्यातल्या एका मोरीत मी गरम पाणी सोडलं, कडी लावली आणि उदबत्ती खाली धरली. धूर पट्ट्यांकडून माझ्या घोट्यांवर आला, मग गुडघ्यांवर, आणि डोक्यावरून आढ्याकडे निघाला.

बाहेरून सुताराने विचारलं, "मॅडम, उरलेली नऊ कापू का?"