वाहणारा कान, कोलेस्टिएटोमा आणि ऑपरेशन: माझा अनुभव

माझा डावा कान लहानपणापासूनचा वाहणारा. सर्दी झाली की वाहायचा, ड्रॉप्स घातले की थांबायचा. गेल्या पावसाळ्यात मात्र पाणी कमी आणि वास असा, की उशीचा अभ्रा रोज बदलावा लागे. कानाच्या भोकापुढचा भाग दाबला तर गरगरायचंही.

ईएनटी डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. कानाच्या पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात पांढरट पापुद्र्यांचा गोळा होता. "कोलेस्टिएटोमा. कॅन्सर नाही, पण हाड खातो." पडद्याची कातडी आत ओढली जाते, तिचे पापुद्रे साचत जातात आणि भोवतालचं हाड झिजतं. सिटी स्कॅनमध्ये आवाज आत पोचवणारं ऐरण हे इवलंसं हाड जवळपास नाहीसं झालेलं. तोल सांभाळणाऱ्या नलिकेवरचं हाडही खाल्लेलं, म्हणून ते गरगरणं. वरचं हाड फुटून संसर्ग मेंदूपर्यंत गेला तर मेंदूज्वर किंवा मेंदूत गळू. गोळ्या-औषधांनी हे जात नाही.

"ऐकू येईल ना?" मी विचारलं.

"आधी कान सुरक्षित करू. ऐकण्याचं नंतर."

हे काही केल्या पचेना. ऐकूच येणार नसेल तर कापाकापी कशाला, असं आईसुद्धा म्हणाली.

कानामागे चीर देऊन तिथलं मास्टॉइडचं हाड ड्रिलने कोरलं, गोळा काढला, कानशिलाच्या स्नायूवरचं आवरण घेऊन नवा पडदा केला. नीट शुद्धीवर येण्याआधीच डॉक्टरांचा आवाज: "डोळे घट्ट मिटा. आता दात दाखवा. परत दाखवा." चेहऱ्याची नस त्याच हाडातून जाते. ओठांच्या दोन्ही बाजू सारख्या हलल्या तेव्हा त्यांनी मास्क खाली केला.

जिभेच्या डाव्या बाजूला बरेच दिवस लोखंडाची चव होती. चवीची एक बारीक नस मध्यकर्णातूनच जाते. चहा नकोसा झाला, ही शिक्षा मला सगळ्यात जड गेली. नाक शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडून, डोकं धुताना व्हॅसलिनचा बोळा. शेजारच्या काकू लसणाचं तेल घेऊन आल्या, तर आईनेच त्यांना वाटेला लावलं.

आता कान कोरडा आहे. ऐकणं होतं तसंच. हाड कोरून झालेली पोकळी अधूनमधून साफ करून घ्यावी लागते. सक्शनची गार हवा लागली की खोली फिरते, म्हणून मी आधीच खुर्चीचे हात धरते. हा आजार उलटतो, तेव्हा पुढच्या महिन्यात एमआरआय आहे. तो स्वच्छ निघाला तर ऐरणीच्या जागी टायटॅनियमचा तुकडा बसवायचं बघू, म्हणालेत.