फिन्स कोणत्या घेऊ?

स्कूबाचा, म्हणजे हवेची टाकी पाठीवर घेऊन पाण्याखाली पोहण्याचा कोर्स संपला, स्वतःचा मास्क घेऊन झाला, की पुढचा प्रश्न ठरलेला: "फिन्स कोणत्या घेऊ?" पायात घालायच्या, पुढे लांब पातं असलेल्या या फिन्सबद्दल तुम्हीही तोच विचारलात. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एखादं मॉडेल ऐकायचं असतं. मी मात्र आधी विचारते, भाड्याच्या फिन्समध्ये पाय कुठे दुखला?

कारण मला हे पायानेच शिकवलं. सुरुवातीच्या एका डाइव्हला माझ्या वाट्याला एक नंबर मोठ्या फिन्स आल्या. चालेल म्हटलं. खाली चौदा मीटरवर प्रत्येक किकला टाच सुटू पाहायची आणि फिन निसटू नये म्हणून मी नकळत पायाची बोटं आवळून धरत होते. वीस मिनिटांत तळवा आखडला, मग पोटरीत असा गोळा आला की पाय हलेना. बडीने, म्हणजे सोबतच्या जोडीदाराने, माझा गुडघा सरळ केला आणि फिनचं टोक धरून माझ्या दिशेने हळूहळू दाबलं. पोटरी ताणली गेली, गोळा उतरला. पण धडपडीत श्वास वाढला होता आणि माझ्या टाकीतली हवा त्याच्यापेक्षा कितीतरी आधी उतरली. डाइव्ह तिथेच संपली.

म्हणून आधी पाऊल, पातं नंतर. फिन्स दोन तऱ्हेच्या असतात. फुल-फूट फिन बुटासारखी अनवाणी पायात चढते. हलकी असते, कोमट पाण्यात बोटीवरून उडी मारायला छान. ओपन-हील फिनला मागे पट्टा असतो आणि ती नियोप्रीनच्या (रबरी फोमच्या) बुटांवर घालतात. पाणी गार असेल किंवा खडकाळ किनाऱ्यावरून चालत उतरायचं असेल तर हीच घ्या. पण दुकानात जाताना बूट सोबत न्या, जे पाण्यात घालणार तेच. तीन मिलिमीटरच्या बुटावर बसलेली फिन पाच मिलिमीटरच्या बुटावर कधीकधी चढतही नाही. फिन घालून बसा, पाय उचलून झटका. टाच हलता कामा नये, अंगठा दाबला जाता कामा नये. "वापरून सैल होईल" म्हणतील. त्या भरवशावर घट्ट फिन घेऊ नका.

आता पातं. फ्रेंच नौदलातल्या लुई द कोर्लियू यांनी १९३३ मध्ये फिनचं पेटंट घेतलं, तेव्हापासून पात्याचे आकार बदलतच आलेत. कडक पातं एका किकमध्ये जास्त पाणी ढकलतं, पण तेवढी ताकद पोटरीला लावावी लागते. मधोमध चिरलेली स्प्लिट फिन गुडघ्यांना आणि घोट्यांना हलकी जाते. संथ, वरखाली किकला ती उत्तम. फ्रॉग किक (बेडकासारखी, पाय बाजूला फाकवून मारलेली) किंवा मागे सरकण्याच्या किकला मात्र तिची पकड कमी पडते. गाळाच्या तळावर वरखाली किक मारली की गाळ उठून मागच्याला काही दिसत नाही, तिथे फ्रॉग किकच हवी. ज्यांना हे जमवायचंय त्यांना मी मध्यम कडक, रुंद, अखंड पातं सुचवते. १९६० च्या दशकातली जाड रबराची जेट फिन आजही याच कामासाठी वापरतात. ती जड असते, पाण्यात बुडते. ड्रायसूटमध्ये (आत पाणी न शिरणाऱ्या, हवा असलेल्या सूटमध्ये) पाय वर तरंगतात, तेव्हा हे वजन कामी येतं. विमानाच्या सामानात मात्र नडतं. फ्रीडायव्हर्सच्या (टाकीशिवाय, श्वास रोखून उतरणाऱ्यांच्या) लांबलचक फिन्स पाहून मोह होतो, पण स्कूबाला घेऊ नका. अरुंद जागेत वळता येत नाही आणि शेजारच्याच्या मास्कला लागतात.

जास्तीचे पैसे खर्चायचेच असतील तर स्टीलच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांवर खर्चा. रबरी पट्टा नेमका बोट लाटांवर हलत असताना तुटतो, आणि स्प्रिंगचा पट्टा गारठलेल्या बोटांनीही ओढता येतो.

आणि विकत घेण्याआधी तीच जोडी एखाद्या डाइव्हला उसनी मागा. वर आल्यावर पोटरी चाचपून बघा आणि मग मला सांगा.