लिफ्टचं बटण आणि अडकलेली बेल

माझी भाची साडेचार वर्षांची. घोडबंदर रोडला ताईच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टचं सातव्या मजल्याचं बटण तिच्या हाताला पोचत नाही, म्हणून घरातून निघताना ती लाटणं घेऊन निघते आणि टाचा उंचावून त्यानेच दाबते. तिला अकॉन्ड्रोप्लेजिया आहे, म्हणजे हातापायांची हाडं लांबीला कमी वाढतात आणि उंची कमी राहते.

निदान झालं तेव्हा नातेवाइकांनी ताईलाच धारेवर धरलं, ग्रहणात चाकू धरलास का, डोहाळे नीट पुरवले नाहीत का... इतका राग आला ना मला! म्हणून हे लिहितेय. लांब हाडांच्या टोकाशी कूर्चा असते, तिथल्या पेशी वाढतात तसं हाड लांब होतं, आणि त्या पेशींवर एफजीएफआर३ नावाचा रिसेप्टर असतो, दारावरची बेल समजा, ती वाजली की आत निरोप जातो की वाढ जरा आवरा. हिची बेल अडकलीये, सारखी वाजतेच. ४ नंबरच्या क्रोमोझोमवरच्या जीनमध्ये डीएनएचं एक अक्षर बदललंय, बस एवढंच, हे १९९४ मध्येच सापडलंय. आणि १० पैकी साधारण ८ मुलांचे आईवडील नॉर्मल उंचीचेच असतात, बदल नव्यानेच झालेला असतो, आईच्या कुठल्याही चुकीने नाही!

व्होसोरिटाइड नावाचं रोज घ्यायचं इंजेक्शन आहे, अमेरिकेत २०२१ ला मंजूर झालं, ते हाच निरोप पेशीच्या आत अडवतं. किंमत ऐकून भावोजी कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत.

काल तलावपाळीला एका काकूंनी ताईला विचारलं, हिला काय झालंय? ताईच्या आधी हीच म्हणाली, "माझी बेल अडकलीये."