तोंड कुठे करून बसायचं?

माझ्या सासूबाईंना गाडीच्या दिशेकडे पाठ करून बसवत नाही. दहाव्या मिनिटाला डोकं गरगरतं, पंधराव्या मिनिटाला पर्समधून आवळासुपारीची डबी निघते आणि विसाव्या मिनिटाला आम्ही सगळे प्लास्टिकची पिशवी शोधायला लागतो. माझ्या आईचा गुडघा तासभर दुमडून ठेवला की उघडत नाही. त्यामुळे तिला पाय लांब करायला कडेची जागा लागते, खिडकी नको. नवऱ्याला कुठेही बसवा, तो झोपतो. (दोघींनाही मी आईच म्हणते, पण इथे गोंधळ नको म्हणून आई आणि सासूबाई.)

लेक जर्मनीत डार्मश्टाटला एम.एस. करते. गेल्या जुलैत आम्ही चौघं तिच्याकडे गेलो, आणि तिथून स्वित्झर्लंड आणि इटली आगगाडीने करायचं ठरवलं. विमानापेक्षा गाडी बरी, दोघींना खिडकीतून बघायला मिळेल, असा माझा हिशेब. खिडकी मिळवणं हे वेगळं काम असतं, हे तेव्हा माहीत नव्हतं.

पहिला धडा म्युनिकला जाताना मिळाला. त्या दिवशी लेकीची परीक्षा होती, म्हणून तिकिटं मीच काढली, फ्रँकफर्ट ते म्युनिक, आयसीई म्हणजे तिथली वेगवान गाडी, सेकंड क्लास. स्वस्तातली, म्हणजे त्याच गाडीला बांधलेली. तिकिटावर चौघांची संख्या होती, गाडीचा नंबर होता, वेळ होती. डब्याचा नंबर नव्हता, सीट नंबर नव्हता. मी काय समजले असेन? चार्ट लागल्यावर येईल! नवऱ्याला तसं सांगितलंही, आणि त्यालाही ते पटलं. उभा जन्म आयआरसीटीसीवर काढलेली माणसं आम्ही. तिकीट कन्फर्म म्हणजे जागा आपली.

जर्मनीत तिकीट म्हणजे प्रवासाचा हक्क, जागेचा नाही. जागा वेगळी विकत घ्यायची, आणि घेतलीच पाहिजे असंही नाही. सेकंड क्लासला माणशी ५.५० युरो, एका बाजूच्या प्रवासाचे. फर्स्ट क्लासच्या नेहमीच्या तिकिटात ती धरलेली असते. तिकीट आधी काढलं असेल तर नंतर नुसती जागाही घेता येते. हे सगळं लेकीने रात्री सांगितलं. दुपारी आम्ही फलाटावर होतो, आणि वार शुक्रवार होता.

डब्यात शिरलो तर माणसं दारापासून उभी. तरी सासूबाईंना एक रिकामी खिडकी दिसली, तीही गाडीच्या दिशेची. त्या जाऊन बसल्या, पदर सावरला, आणि आईला हाक मारली, "विहीणबाई, या, इथे आहे जागा." शेजारच्या मुलाने उठून आईला बसवलं. मी आणि नवरा बॅगांवर. तासभर झकास गेला. व्युर्त्सबुर्गला एक बाई चढल्या, सासूबाईंच्या डोक्यावरच्या छोट्या पट्टीकडे बोट दाखवलं आणि हसून फोन पुढे केला. पट्टीवर लिहिलं होतं, व्युर्त्सबुर्ग ते म्युनिक. म्हणजे ती खिडकी व्युर्त्सबुर्गपर्यंत कोणाचीही होती, तिथून पुढे त्या बाईंची. सासूबाई उठल्या, आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाल्या, "अगं, आपण तिकीट काढलं नाही का?"

त्या पट्ट्या वाचायला मात्र मी त्याच दिवशी शिकले. पट्टी कोरी असेल तर बसा. दोन गावांची नावं असतील तर तेवढाच पट्टा राखलेला, त्याच्या आधी आणि नंतर जागा मोकळी. 'कदाचित आरक्षित' अशा अर्थाचं काही लिहिलं असेल तर ती जागा आयत्या वेळी कोणी घेऊ शकतो, म्हाताऱ्या माणसाला तिथे बसवू नये. आणि जागा राखून ठेवलेला माणूस गाडी सुटल्यावर पंधरा मिनिटांत आला नाही तर त्याचा हक्क गेला. शेवटचा नियम नवऱ्याला फार आवडला. पुढे प्रत्येक स्टेशनवर तो घड्याळ लावून बसायचा.

मग फ्रँकफर्ट ते झुरिचसाठी लेक आणि मी रात्री जेवणं आटोपून लॅपटॉपसमोर बसलो. चार तासांचा थेट प्रवास. चौघांच्या जागांचे बावीस युरो, म्हणजे आपले दोन हजारांच्या वर. "नुसतं बसायचे दोन हजार?" आई म्हणाली. म्युनिकची बॅग आठवून मी काही बोलले नाही.

जागा निवडताना इतके प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं. मोकळा डबा की बंद कूपे? खिडकी की कडेची? टेबल हवं का? शांत विभाग हवा का? शांत विभागात फोन नाही, मोठ्याने बोलणं नाही. लेकीने आजीकडे आणि आजीच्या विहिणीकडे एकदा बघितलं आणि तो पर्याय न विचारताच बंद केला. मग डब्याचा नकाशा उघडला. छोटे छोटे चौकोन, खुर्च्यांची पाठ कुठे ते दिसत होतं. मी म्हटलं, गाडीच्या दिशेकडे तोंड असलेल्या घे. आणि इथे गाडी अडली. नकाशात खुर्च्या दिसतात, पण गाडी नकाशाच्या कोणत्या टोकाकडे धावणार ते दिसत नाही. त्याची हमी कोणी देतही नाही. डबे कधी उलट्या क्रमानेही लागतात.

"आणि आई, हमी दिली असती तरी उपयोग नव्हता," लेक म्हणाली. "वाटेत बाझेलला गाडी उलटी होते."

जर्मनीतून बाझेलच्या मुख्य स्टेशनात शिरणारी गाडी झुरिचला जायचं तर ज्या बाजूने आली त्याच बाजूने बाहेर पडते. ड्रायव्हर उतरतो, दुसऱ्या टोकाला जातो आणि आतापर्यंतचा शेवटचा डबा पहिला होतो. फ्रँकफर्टला हेच. ते स्टेशन आपल्या सीएसएमटीसारखं, रूळ तिथेच संपतात. बर्लिनहून फ्रँकफर्टमार्गे जाणाऱ्याचं तोंड तिथे फिरतं, आम्ही तिथूनच बसणार म्हणून सुटलो. झुरिच तसंच, मिलान तसंच. म्हणजे तीन तास सरळ बसलेल्या सासूबाईंना बाझेलनंतर तासभर उलटं जावं लागणार. घरात 'उलटी' या शब्दावर जे विनोद झाले ते इथे देत नाही.

उत्तर लेकीनेच काढलं. टेबलाच्या चार जागा घ्यायच्या, समोरासमोर दोन-दोन. गाडी कुठेही धावो, दोन तोंडं सरळ असणारच. बाझेलला गाडी थांबली की उठायचं आणि समोर बसायचं. इतकी सोपी गोष्ट, पण तिच्यासाठी दोन अटी. चारही जागा आपल्याच पाहिजेत, आणि टेबलं डब्यात मोजकीच असल्यामुळे लवकर घ्यायला पाहिजेत. आम्हाला दहा दिवस आधी एक मिळालं. खिडकीच्या दोन जागा त्यात आल्या, कडेच्या दोन आल्या. सासूबाई खिडकीला, आई कडेला.

लेकीने जाताना आणखी दोन गोष्टी सांगितल्या. फलाटावर अ, ब, क, ड सारखी अक्षरं टांगलेली असतात आणि आपला डबा कोणत्या अक्षराखाली येणार ते फलकावरच्या चित्रात दिसतं. गाडी यायच्या आधी ते पुन्हा बघायचं, कारण क्रम उलटला असेल तर बारा डब्यांची गाडी म्हणजे साडेतीनशे मीटरची पायपीट, आणि आईचा गुडघा. दुसरी गोष्ट बॅगांची. डोक्यावरच्या फळीवर आपल्या तेवीस किलोच्या बॅगा चढत नाहीत, चढवल्या तर उतरत नाहीत. पाठीला पाठ लावलेल्या दोन खुर्च्यांच्या मागे खाली तिकोनी पोकळी असते, तिथे एक मोठी बॅग आडवी बसते. ती पोकळी आधी गाठायची. नवऱ्याला हे काम दिलं आणि त्याने ते पुण्याच्या पीएमटीत जागा धरणाऱ्या माणसाच्या निष्ठेने केलं.

बाझेलला गाडी थांबली. सासूबाई आधीच उठून उभ्या होत्या, हातात पर्स, डबी, पाण्याची बाटली. आम्ही चौघं टेबलाभोवती फिरून समोरासमोर बसलो. पलीकडच्या टेबलावरचा जर्मन माणूस गोंधळून बघत राहिला. गाडी हलली आणि तो उलटा निघाला.

झुरिचपासून पुढे श्रम कमी. स्वित्झर्लंडमध्ये साध्या गाड्यांना जागा राखायची गरज नसते, रेल्वेचा पास दाखवायचा आणि बसायचं. प्रश्न फक्त बाजूचा. त्यासाठी कोणाला विचारायला लागत नाही. मोबाइलवर नकाशा उघडायचा, जायची दिशा वर येईल असा फोन फिरवायचा, आणि रुळाच्या कोणत्या हाताला पाणी आहे ते बघायचं. झुरिच ते खूर मार्गावर झुरिचचं तळं आणि पुढचं वालेनझे, दोन्ही डावीकडे. मुंबई-पुणे करणाऱ्याला घाटात दरी कुठल्या खिडकीत येते हे जसं अंगवळणी पडलेलं असतं, तसं तिथल्या लोकांना हे असणार. आम्हाला नकाशा होता.

बर्निनाच्या मार्गावर मात्र आम्ही हट्ट सोडला. खूरहून इटलीतल्या तिरानोला जाणारी बर्निना एक्सप्रेस, मोठ्या काचांची. तिला पास असला तरी जागेचे वेगळे पैसे भरून आरक्षण करावंच लागतं. आम्हाला हवी होती उजवी बाजू, कारण त्या दिशेने जाताना लांटवासरचा ६५ मीटर उंच, वळणावरचा दगडी पूल उजवीकडे दिसतो, मोर्टेराच हिमनदी उजवीकडे, खिंडीतलं लागो बियांको तळंही उजवीकडे. उजवीकडची चार जागांची जोडणी भरलेली होती. डावीकडची होती. मी अर्धा तास त्या स्क्रीनकडे बघत बसले.

शेवटी नवऱ्यानेच विचारलं, त्याच रुळांवरून दुसरी गाडी जात नाही का? जाते. तासातासाला. आधी खूर ते सेंट मॉरिट्झ, मग सेंट मॉरिट्झ ते तिरानो, साधी गाडी, आरक्षण नाही, पास चालतो. मध्ये एकदा गाडी बदलायची एवढंच. आम्ही सेंट मॉरिट्झला पंचवीस मिनिटं आधी फलाटावर गेलो. तिथे रूळ संपतात, त्यामुळे गाडी कुठे जाणार हे कोडं नव्हतं. टोकाच्या धक्क्याकडे पाठ करून उभं राहायचं, उजवा हात वर करायचा. सासूबाईंनी खरंच केला. त्या बाजूच्या चार जागा आमच्या झाल्या. दहा मिनिटांनी एक मोठा ग्रुप आला आणि डबा भरला.

२२५३ मीटरवर ओस्पित्सिओ बर्निना स्टेशन येतं. तिथून जवळच दोन तळी शेजारी शेजारी आहेत. एकाचं पाणी डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्राला जातं, दुसऱ्याचं, लागो बियांकोचं, एड्रियाटिकला. हे सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हणजे महाबळेश्वरसारखंच की." तिचा पाय लांब केलेला होता, आणि ती कडेच्या जागेवरून मान वाकवून सासूबाईंच्या खांद्यावरून बघत होती. थोड्या वेळाने सासूबाई न सांगता उठल्या आणि म्हणाल्या, "विहीणबाई, तुम्ही या खिडकीला. पाय माझ्याकडे करा." आईचा पाय सासूबाईंच्या मांडीवर, खाली शाल. असं जवळजवळ पोस्कियाव्होपर्यंत चाललं. तिथलं तळं मात्र डावीकडे येतं, ते आम्ही ग्रुपमधल्या लोकांच्या डोक्यांमधून बघितलं.

तिरानो ते मिलानच्या साध्या गाडीतही आरक्षण नाही. कोलिको ते लेक्कोपर्यंत कोमोचं तळं उजवीकडे असतं, पण बोगदे इतके की सासूबाईंनी शेवटी डोळे मिटले.

मिलान ते रोम वेगवान गाडी, फ्रेच्चारोसा. तिथे जर्मनीच्या उलट कारभार, जागेशिवाय तिकीटच नाही. डबा, सीट, सगळं छापून. आम्ही आता शहाणे झालो होतो, टेबलाच्या चार जागा घेतल्या. डोंगर संपले, बोगदे संपले, आणि फ्लॉरेन्स जवळ आलं तशी मी आवराआवर सुरू केली. तिथलं मुख्य स्टेशनही रूळ संपणारं, गाडी त्यात शिरली की तोंड फिरवूनच निघते. समोर नवरा घोरत होता. मी त्याला हलवणार तेवढ्यात आईने हात धरला.

"असू दे गं. त्याला काही फरक पडत नाही. आम्ही दोघी आणि तू, तिघीच फिरू."

"मग आई कुठे बसणार? समोरची एक जागा तर त्याच्याकडे आहे," मी सासूबाईंकडे बघत म्हटलं.

सासूबाई पर्स घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी एकदा झोपलेल्या मुलाकडे बघितलं, आणि मग त्याच्या खांद्यावर पर्स आपटली.