श्वास नऊ, पाय चार

बेळगावात छातीच्या डॉक्टरांकडे मी फुंकायच्या टेस्टा घेते. पदाचं नाव मोठं आहे, पण बाकावरची माणसं विचारतात ते एवढंच, "फुंकायची टेस्ट हितंच काय ओ?" निपाणीच्या तंबाखू वखारीत जन्म काढलेल्या बायका, उद्यमबागेतल्या फाउंड्रीतले कामगार, खानापूरकडचे विडी ओढणारे म्हातारे, सगळे नळीत फुंकून जातात. मुलं कमी येतात. त्यातही जाड मूल आलं की, खरं सांगते, त्याच्या तोंडाला मास्क लावायच्या आधीच माझं त्याच्याबद्दलचं मत तयार असायचं.

सप्टेंबरातला सोमवार होता. पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता, पॅसेजमध्ये छत्र्यांचं पाणी साचलं होतं. चौदा वर्षांचा एक मुलगा आणि त्याचे वडील आले. मुलाचं नाव इथे देत नाही. वडील उद्यमबागेत लेथवर. तसेच कामावरून आले होते, शर्टाच्या बाह्यांना तेलाचे डाग. मुलगा खाली मान घालून बसलेला, आणि मानेची मागची बाजू घासूनही न जाणाऱ्या मळासारखी काळवंडलेली.

"दोन वर्षं दम्याचा पंप मारूलालाय मॅडम, खरं फरक काय न्हाई," वडील म्हणाले. "शाळेत पीटीचे सर म्हणतात आळशी हाय. घरात मी बी तेच म्हणतो. पळ म्हटलं की दोन मिनिटांत बसतंय."

मुलगा काहीच बोलला नाही. मग एकदम म्हणाला, "मागल्या नवरात्रात दौडीला गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी खडेबाजारात पायरीवर बसलो."

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. नवरात्रात बेळगावात दुर्गामाता दौड असते. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत रोज पहाटे पांढरे कपडे, डोक्याला फेटा नाहीतर टोपी, हातात भगवा, आणि गल्ल्यागल्ल्यांतून पोरं पळतात. दारोदारी रांगोळ्या, बायका ओवाळायला उभ्या. त्या गर्दीत गल्लीतल्या सगळ्या मित्रांदेखत पायरीवर बसून राहणं चौदाव्या वर्षी काय असतं, ते मला कळलं. त्या वेळी कळलं एवढंच. खरा धक्का पुढे होता.

डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर त्याची एप्रिलमधली फाइल उघडी. हा मुलगा आधीही आमच्याकडे सायकल टेस्टला, म्हणजे तोंडाला मास्क लावून जागच्या जागी सायकल मारायच्या टेस्टला, येऊन गेला होता आणि मला तो आठवतसुद्धा नव्हता. रिपोर्टच्या खाली माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: "प्रयत्न अपुरा. स्वतःहून लवकर थांबला."

"हे कशावरून लिहिलंस?"

मी म्हटलं, ठोके १६४ वरच थांबले होते सर. या वयाची मुलं सायकलवर १९० च्या आसपास जातात.

त्यांनी बोट एका ओळीवर ठेवलं. सायकलच्या समोरच्या भिंतीवर मी एक तक्ता हातानं लिहून लावलाय, शून्य ते दहा. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, दहा म्हणजे आता अजिबात सहन होत नाही. टेस्ट थांबताना दोन प्रश्न विचारायचे: श्वासाला किती? पायांना किती? तोंडावर मास्क असतो म्हणून पेशंट बोटांनी दाखवतो. त्या ओळीत होतं: श्वास ९, पाय ४.

"कंटाळलेलं पोर पाय दुखतात म्हणून उतरतं," डॉक्टर म्हणाले. "याचे पाय चारवर आहेत. तू आकडा लिहिलास आणि वाचलाच नाहीस."

बरोबर होतं. मीच विचारलं, मीच लिहिलं, आणि खालच्याच ओळीत त्याला आळशी ठरवून मोकळी झाले. 'प्रयत्न अपुरा' म्हणजे दवाखान्याच्या भाषेत आळशीच.

पुन्हा टेस्ट करायचं ठरलं. या वेळी दर दोन मिनिटांनी त्याला, पायडल मारता मारताच, नेहमीसारखा श्वास सोडून झाल्यावर छाती फुटेस्तोवर हवा आत ओढायला लावायची. त्यावरून कळतं की प्रत्येक श्वासाच्या शेवटी वर किती जागा शिल्लक आहे. एप्रिलमध्ये मी हे केलं नव्हतं. वेळ लागतो, आणि मुलं चुकतात म्हणून सोडून दिलं होतं.

आधी बसल्या जागी फुंकणं झालं. वजन ९२ किलो, उंची १६१ सेंटीमीटर. पूर्ण श्वास भरून सोडला की ३.४ लिटर, त्यातले २.९ पहिल्याच सेकंदात. म्हणजे साधा रिपोर्ट छान. असाच रिपोर्ट बघून घरी पाठवतात. गोची दुसऱ्या आकड्यात होती. तुम्ही आम्ही आरामात श्वास सोडला, तरी जोर लावला तर अजून लिटरभर हवा बाहेर निघते. ही आपली खालची शिल्लक. त्याच्याकडे ती होती ३५० मिली.

पोटातली चरबी श्वासपटलाला खालून वर रेटते, छातीवरची चरबी बरगड्या दाबून धरते. फुप्फुसं चांगली असतात, पण माणूस श्वास घेतो तो त्यांच्या अगदी तळाशी. आणि तळाशी श्वासनलिका सगळ्यात अरुंद असतात, हवा बाहेर पडताना अडते. बसून असेल तर काही बिघडत नाही. पळायला लागलं की बिघडतं. सडपातळ मूल पळताना श्वास जास्त खोल सोडतं आणि पुढच्या श्वासाला खाली जागा करून घेतं. याच्याकडे खाली जागाच नाही. हवा पुरती बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास येतो, थोडी हवा अडकून राहते, पुढच्या श्वासाला आणखी थोडी. मग त्याला वर वर सरकत श्वास घ्यावा लागतो, फुगलेल्या छातीत अजून फुगवत. त्यात ९२ किलो हलवायला ऑक्सिजन जास्त लागतो म्हणून श्वासही जास्त लागतो, आणि त्या श्वासाचे स्नायू स्वतःच त्यातला वाटा खातात.

सायकलवर बसला. तीन मिनिटं नुसतं पायडल, मग दर मिनिटाला भार वाढवत नेला. सहाव्या मिनिटापर्यंत ठीक होता. मास्कच्या कडेनं घाम ओघळत होता, मी टॉवेलनं टिपत होते. आठव्या मिनिटाला मी म्हटलं, "आता ओढ, ओढ, अजून ओढ!" आणि पडद्यावर बघितलं. सुरुवातीला तो ३ लिटर ओढत होता, आता २.६ वर आला होता. चारशे मिली जागा आतल्या आत अडकलेल्या हवेनं खाल्ली होती. खांदे कानांपर्यंत वर चढलेले. गळ्याच्या शिरा ताठ. श्वास मिनिटाला ५२. पाय मात्र फिरत होते, लयीत, अगदी व्यवस्थित. मी पहिल्यांदाच पायांकडे बघितलं.

नवव्या मिनिटानंतर हात वर केला. ठोके १६६. मी तक्ता दाखवला. श्वासाला त्यानं नऊ बोटं दाखवली. पायांना चार. मग जरा विचार करून पाचवं बोट अर्धं उघडलं.

मिनिटाला ९४ लिटर हवा तो आतबाहेर करत होता. पहिल्या सेकंदाच्या आकड्याला चाळिसानं गुणून आम्ही कमाल क्षमतेचा अंदाज बांधतो, ती त्याची ११६ येते. म्हणजे ऐंशी टक्क्यांपर्यंत श्वास संपला होता, आणि हृदय अजून मागेच होतं. पळणारं सडपातळ पोर आधी पायांनी आणि हृदयानं दमतं, श्वास शिल्लक ठेवून. इथे उलटं. छत आधी लागलं ते श्वासाचं.

सगळ्या जाड मुलांचं असंच असतं असं मात्र नाही. कुणाचे पाय खरंच सवयीअभावी थकतात, कुणाला खरोखर दमा असतो. म्हणून टेस्टनंतर पाच, दहा आणि पंधरा मिनिटांनी त्याला पुन्हा फुंकायला लावलं. व्यायामानं उठणाऱ्या दम्यात पहिल्या सेकंदाचा आकडा दहा टक्के किंवा त्याहून जास्त पडतो. त्याचा तीन टक्के पडला. पंप बंद करायचा निर्णय डॉक्टरांनी जुने कागद बघून घेतला. हे वाचून कुणी आपल्या पोराचा पंप परस्पर बंद करू नये.

वडिलांना समजावायचं काम माझ्याकडे आलं. मी फुगे, नळ्या, काय काय सांगत सुटले. ते पडद्यावरच्या रेषांकडे बघत होते. मधेच म्हणाले, "म्हणजे मशीन चांगलं हाय, खरं स्ट्रोक पुरता मिळंना. स्ट्रोक कमी म्हणून आरपीएम वाढूलालाय. असंच न्हवं?"

असंच. इतकी वर्षं मी हे समजावतेय, इतकं नेमकं मला सुचलं नव्हतं.

मग ते मुलाकडे वळले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि नुसतंच त्याच्या दप्तराचा पट्टा सरळ केला.

फोनवर आईनं सांगितलं की पोरगं रात्री ट्रॅक्टरसारखं घोरतंय आणि सकाळी उठवता उठत नाही. म्हणून झोपेची तपासणी लिहून दिली. अशी काळी मान साखरेच्या त्रासाची खूण असू शकते, म्हणून साखरेच्या तपासणीसाठी मुलांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. वजन कमी करणं आहेच, त्याला सुट्टी नाही. पण वजन उतरायला लागलं की ती खालची शिल्लकही वाढायला लागते, हे त्याला सांगितल्यावर त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "पूर्ण बारीक व्हायच्या आधीच?" होय, आधीच.

तोपर्यंत पळायचं नाही. घरात जुनी सायकल होती, ती काढायची, कारण सायकलवर शरीराचा भार सीट घेतं. एक मिनिट जोरात, दोन मिनिटं हळू, असं वीस मिनिटं. श्वास सोडताना गरम चहावर फुंकर घालतो तशी ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा. श्वास पाचवर गेला की वेग कमी, सातवर गेला की थांबायचं. शाळेला डॉक्टरांनी चिठ्ठी दिली: पीटीला सूट नको, मधे मधे थांबायची मुभा द्या. सूट नको हे त्याच्याच सांगण्यावरून. सूट मिळालेली पोरं बाकावर बसून बाकीच्यांचे दप्तर राखतात, म्हणाला.

संध्याकाळी एप्रिलचा रिपोर्ट काढला. फाइलमधलं खोडायचं नसतं, एक आडवी रेघ मारून शेजारी दुरुस्ती, सही, तारीख. 'प्रयत्न अपुरा' वर रेघ मारली आणि 'श्वासामुळे मर्यादा' लिहिलं. सही करताना मनात आलं, मागच्या दोन-तीन वर्षांत हाच शेरा मी आणखी किती मुलांच्या कागदावर मारलाय? मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत गठ्ठा काढून बसले. अशा अकरा फाइली निघाल्या. त्यातल्या चौघांच्या रिपोर्टात श्वासाचा आकडा पायांच्या बराच वर होता. तिघांचे फोन लागले. दोघं येऊन गेली, एकाच्या आईनं "आता बरा हाय" म्हणून ठेवून दिला.

नवरात्रात मी शहापूरला माहेरी होते. पहाटे दारात रांगोळी घालून ताम्हण घेऊन उभी राहिले. दौड आली, घोषणा, ध्वज, पोरांचा लोंढा. तो गेला आणि मागून रेंगाळणारे आले, त्यात हा. पूर्ण मार्ग नाही, आपल्या गल्लीपासून देवळापर्यंतच चालायचं, असं आमचं ठरलं होतं. डोक्यावर फेटा, तोंडाचा चंबू. मागे सायकल हातात धरून वडील.

मला बघून त्यानं हात वर केला. सहा बोटं. मी ओरडले, "अरे, पाचाला हळू म्हणून सांगितलंय ना!" पुढून "जय भवानी"चा गजर आला. त्याला ऐकू गेलं होतं, हसला तो. पण वेग काही कमी केला नाही.