जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर बदलावा का?

आधी एकच गोष्ट तपासा: तुमच्या लॅपटॉपचा प्रोसेसर निघतो का? इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत, म्हणजे साधारण २०१४ पर्यंत, बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो सॉकेटमध्ये, म्हणजे काढता-घालता येईल अशा खाचेत, बसवलेला असे. पाचव्या पिढीपासून इंटेलचे लॅपटॉपसाठीचे प्रोसेसर मदरबोर्डला (मुख्य सर्किट बोर्डला) सोल्डर केलेले, म्हणजे कायमचे जोडलेलेच येतात. तुमचा त्यातला असेल तर विषय तिथेच संपला.

चौथ्या पिढीच्या आतले तरी सगळे कुठे निघतात? नावाच्या शेवटी यू, वाय किंवा एचक्यू असेल तर तो सोल्डर केलेला. एम, क्यूएम, एमक्यू असेल तर बहुधा सॉकेटचा. बहुधा म्हणायचं कारण, आय५-३२१०एम सारखे काही प्रोसेसर दोन्ही प्रकारांत आले. सीपीयू-झेड (प्रोसेसरची माहिती दाखवणारा मोफत प्रोग्राम) उघडून 'पॅकेज'ची ओळ पाहा. तिथे आरपीजीए दिसलं तर निघतो, बीजीए दिसलं तर नाही.

निघतो म्हणून लगेच बदलायला घेऊ नका. नेहमीचं काम करताना विंडोजचा टास्क मॅनेजर (कुठला भाग किती वापरला जातोय ते दाखवणारी खिडकी) उघडा ठेवा. डिस्क १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर ३० वर असेल, तर दोष हार्ड डिस्कचा. तिथे साधा साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घातला की जो फरक पडतो, तो कुठलाही प्रोसेसर पाडू शकत नाही. मेमरी सतत भरलेली असेल तर रॅम वाढवा. प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करत असेल, तर पंख्यातली धूळ काढून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर जायला मदत करणारा लेप) बदला. एवढ्यावर बहुतेक लॅपटॉपचं भागतं. आणि विंडोज ११ साठी हा खटाटोप असेल तर सोडून द्या. त्याला मोजके अपवाद सोडता इंटेलची किमान आठवी पिढी लागते आणि या सॉकेटमध्ये ती बसत नाही.

बदल खरा फळतो तो दोन कोअरवरून (प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांवरून) चारवर जाताना, तेही व्हिडिओ एन्कोडिंग, कोड कंपाइल करणं, व्हर्च्युअल मशीन असल्या कामांत. आय५-३२१०एम काढून आय७-३६३२क्यूएम घातला तर कोअर दुप्पट होतात आणि दोन्ही ३५ वॅटचेच. पण टर्बो वेग, म्हणजे गरजेला गाठायचा कमाल वेग, ३.१ वरून फक्त ३.२ गिगाहर्ट्झ होतो, त्यामुळे ब्राउझर उघडायला लागायचा तेवढाच वेळ लागेल. ४५ वॅटच्या प्रोसेसरचा मोह टाळा: ३५ वॅटसाठी बनवलेला हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) आणि ६५ वॅटचा चार्जर त्याला पुरे पडत नाहीत.

आता चिपसेट, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी मदरबोर्डवरची चिप. एचएम७० असेल तर तो फक्त सेलेरॉन आणि पेंटियम चालवतो. त्यावर आय५ किंवा आय७ घातला तर विंडोज सुरू होतं, सगळं सुरळीत दिसतं आणि अर्ध्या तासाने लॅपटॉप बंद पडतो. नव्या प्रोसेसरचं नाव तुमच्याच मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असेल तरच तो घ्या. वापरलेला घेताना वर 'इंटेल कॉन्फिडेन्शियल' छापलेला नको, तो चाचणीसाठीचा नमुना असतो.

बायोस (लॅपटॉप सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) अपडेट जुना प्रोसेसर असतानाच करा. नवा ओळखला गेला नाही तर पडद्यावर काहीच येणार नाही, मग अपडेट कसं करणार? त्यानंतर चार्जर आणि बॅटरी काढा, पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून धरा. हीटसिंकचे स्क्रू त्यावरच्या आकड्यांच्या उलट क्रमाने, थोडे थोडे सैल करा. सॉकेटच्या कडेचा स्क्रू चपट्या स्क्रूड्रायव्हरने अर्धा फेरा फिरवला की पकड सुटते. प्रोसेसर सरळ वर उचला. तिरका ओढला तर पिना वाकतात. नवा ठेवताना कोपऱ्यातला त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवा. तो स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे, दाबावा लागला तर काहीतरी चुकलंय.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. शेजारच्या चिपवर जाड थर्मल पॅड असेल तर तो तसाच राहू द्या. तिथे पेस्ट लावली तर फट भरत नाही आणि ती चिप तापते. स्क्रू आकड्यांच्या क्रमाने, प्रत्येक थोडा थोडा आवळा.

पहिल्यांदा चालू करताना वेळ लागतो, कधी लॅपटॉप आपोआप एखादवेळा रीस्टार्टही होतो. सुरू झाल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ पूर्ण भार देऊन तापमान आणि वेग पाहा. जुना प्रोसेसर अँटिस्टॅटिक पिशवीत जपून ठेवा, पुढे बायोसने घोळ घातला तर तोच कामी येतो.